दोन चौकटींमधला बाण

प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, प्रायमाव्हेरा, काहीही चालेल. डावीकडे कामांची यादी, उजवीकडे तारखांखाली आडव्या पट्ट्या. आता मधलीच एखादी पट्टी माउसने धरा आणि चार दिवस पुढे ओढा. पाहिलंत? खालच्या पंधरावीस पट्ट्या आपोआप सरकल्या. त्यातल्या काही पुरत्या चार दिवस सरकल्या, काही एकच दिवस, आणि काही तर जागच्या हलल्याही नाहीत. कुणी किती सरकायचं हे त्यांना कुणी सांगितलं?

सांगितलं बाणांनी. त्या पट्ट्यांना जोडणारे बारीक, करड्या रंगाचे, सहसा कुणी निरखून न पाहिलेले बाण. एका बाणाचा अर्थ असतो तरी केवढा? ‘हे संपल्याशिवाय ते सुरू होणार नाही.’ बस्स. त्यात तारीख नाही, खर्च नाही, माणसाचं नाव नाही. पण अशी हजारभर इवलीशी वाक्यं एकत्र केली की त्यांतून प्रकल्प कधी संपेल ते कळतं, कोणत्या कामाची काळजी करायची ते कळतं, आणि कोणत्या कामाकडे बिनधास्त आठवडाभर पाहिलं नाही तरी चालेल हेही कळतं. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत थक्क करणारी गोष्ट मात्र वेगळीच वाटते. या बाणांवरून तारखा काढणं संगणकाला अगदी सोपं जातं. आणि तेच बाण पडद्यावर नीट, गुंता न होता काढून दाखवणं मात्र भयंकर अवघड असतं! आपल्याला वाटतं त्याच्या बरोबर उलट.

आधी सोपं ते पाहू. घराचा स्लॅब घ्या. सेंट्रिंगला ५ दिवस लागतात. त्याच वेळी खाली अंगणात फिटर सळया कापतोय, वाकवतोय, रिंगा करतोय; त्याला २ दिवस पुरतात. सेंट्रिंग उभं राहिलं आणि सळया तयार झाल्या की मग वर जाळी बांधायची, ३ दिवस. मग इलेक्ट्रिशियन येऊन जाळीतून वायरिंगचे पाइप टाकणार, १ दिवस. मग काँक्रीट, १ दिवस. इलेक्ट्रिशियन एक दिवस उशिरा आला तर काय होतं हे घर बांधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काँक्रीटच्या आत पाइप नंतर घालता येत नाही.

यापुढचा बाण मला फार आवडतो. काँक्रीट पडल्यावर टेकू लगेच काढता येत नाहीत. भारतीय मानक सांगतं की साध्या सिमेंटच्या, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे किमान १४ दिवस राहू द्या. आपला स्लॅब मोठा आहे असं धरू. म्हणजे हे १४ दिवस कुणीही काही बांधत नाही. वर आळी करून पाणी साठवलेलं असतं, खाली टेकूंचं जंगल उभं असतं, आणि आत सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया आपल्या वेगाने चाललेली असते. सॉफ्टवेअरमध्ये या १४ दिवसांना पट्टीच नसते. ते सगळे दिवस बाणाच्या अंगावर असतात! ‘काँक्रीट संपल्यावर, अधिक १४ दिवस.’ याला लॅग म्हणतात. सगळ्या वेळापत्रकातला सर्वांत लांब टप्पा, आणि तो दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत राहतो.

मग १ दिवस सेंट्रिंग खोलायला आणि ६ दिवस विटांच्या भिंतींना. दरवाजांच्या चौकटी भिंत चढवतानाच उभ्या करतात, म्हणून भिंती सुरू व्हायच्या आत त्या सुताराकडून यायला हव्यात. सुतार म्हणतो ८ दिवस.

आता हिशेब. पहिल्या दिवसापासून पुढे चालत जायचं आणि प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा: तुझ्या आधीच्यांपैकी सर्वांत उशिरा कोण संपतंय? सेंट्रिंग पाचव्या दिवशी संपतं, सळया दुसऱ्याच. म्हणून जाळी पाच दिवसांनंतरच. जाळी ८ वर संपली, पाइप ९ वर, काँक्रीट १० वर. अधिक १४ म्हणजे २४, खोलणं २५, भिंती ३१. झालं, एकतिसाव्या दिवशी संध्याकाळी हे काम उरकतं.

जादू पुढे आहे. आता तोच रस्ता उलटा चालायचा, शेवटाकडून सुरुवातीकडे. प्रश्नही उलटा: शेवट न बिघडवता तू जास्तीत जास्त किती उशिरा संपलास तर चालेल? भिंती २५ नंतर लगेच सुरू व्हायला हव्यात. म्हणून खोलणं २५ लाच संपायला हवं, काँक्रीट १० लाच, सेंट्रिंग ५ लाच. तसूभरही सवड नाही. पण सळया? त्या दुसऱ्या दिवशी तयार होतात आणि पाचव्यापर्यंत झाल्या तरी चालतात. तीन दिवस हातात. आणि सुतार? त्याचं काम आठव्या दिवशी होतं, पण पंचविसाव्यापर्यंत त्याने चौकटी आणल्या तरी कुणाचं काही अडत नाही. सतरा दिवसांची मोकळीक!

पुढे जाणारे आकडे आणि मागे येणारे आकडे ज्या कामांवर अगदी जुळतात, त्या कामांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. बहुतेक सॉफ्टवेअर ती लाल रंगात दाखवतात. या साखळीतलं एक काम एक दिवस लांबलं की घर एक दिवस लांबलं. सुताराला रोज फोन करणाऱ्या मालकाने तो फोन सेंट्रिंगवाल्याला करायला हवा, हे बेरीज-वजाबाकीने सिद्ध होतं. गुणाकारसुद्धा लागला नाही.

इतकी साधी गोष्ट माणसाला हजारो वर्षं सुचली नसेल? पायाआधी भिंत चढत नाही हे तर कुणालाही कळतं. पण कळणं वेगळं आणि कागदावर उतरवणं वेगळं. १८९६ मध्ये कारोल अदामिएत्स्की या पोलिश अभियंत्याने एक तक्ता तयार केला. पोलादाच्या पट्ट्या लाटणाऱ्या कारखान्यांत काम करताना त्याला दिसलं की यंत्रं चांगली, माणसं कष्टाळू, पण एकाचं संपायची वाट दुसरा पाहत बसतो. त्याने प्रत्येक कामाची एक कागदी पट्टी केली. पट्टीच्या डोक्यावर लिहायचं की हे काम कोणत्या कामांनंतर येतं आणि याच्यानंतर कोणती येतात. पट्ट्या वर-खाली सरकवता येत आणि त्या जागेवर राहाव्यात म्हणून क्लिपा लावलेल्या. म्हणजे एक पट्टी सरकवली की बाकीच्या कोणत्या सरकवायच्या हे तिथंच वाचता येत होतं. आज माउसने आपण जे करतो ते या माणसाने कागदाने आणि चिमट्याने केलं! पण त्याचं लिखाण पोलिश आणि रशियन भाषांत राहिलं आणि जगाला माहीत झाला तो अमेरिकेतला हेन्री गँट. गँटचे पट्ट्यांचे तक्ते १९१०च्या दशकात आले, पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीत वापरले गेले, आणि आजही त्या आडव्या पट्ट्यांना आपण गँट चार्टच म्हणतो. गंमत अशी की गँटच्या पट्ट्यांमध्ये बाण नव्हते. कोणतं काम कधी, हे दिसायचं. का तेव्हाच, हे दिसायचं नाही.

बाण आले १९५७ मध्ये, आणि आले संगणकाबरोबरच. ड्युपाँ या रसायन कंपनीकडे युनिव्हॅक संगणक होता आणि त्याला आणखी कोणत्या कामाला जुंपता येईल याचा शोध चालू होता. ड्युपाँचा मॉर्गन वॉकर आणि युनिव्हॅक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडचा गणिती जेम्स केली यांनी कारखाने उभारण्याच्या वेळापत्रकाचा प्रश्न हाती घेतला. काम रखडलं की व्यवस्थापक काय करतात? सगळ्यांनाच ओव्हरटाइम लावतात. केली आणि वॉकर यांनी दाखवलं की घाई फक्त मोजक्या कामांत करायची असते, बाकीच्यांत ओतलेला पैसा निव्वळ वाया. लुइव्हिलच्या कारखान्यात निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार होत असे, आणि तिथली दुरुस्ती कारखाना पूर्ण बंद ठेवूनच करावी लागे. त्या बंदला सरासरी १२५ तास लागत. बाणांचं जाळं काढून आखणी केल्यावर ते ९३ तासांवर आले. नवी यंत्रं लागली नाहीत. तीच कामं, फक्त कोण कुणासाठी थांबलंय हे आता ठाऊक होतं.

पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, अमेरिकी नौदलाने पाणबुडीतून डागायच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट नावाची जवळपास तशीच पद्धत काढली. हार्वी सॅपोल्स्की या अभ्यासकाने नंतर दाखवून दिलं की पर्टच्या भव्य तक्त्यांनी काम खरोखर किती हाकलं याबद्दल शंका आहे, पण ‘या लोकांना आपण काय करतोय ते नीट ठाऊक आहे’ असा विश्वास मात्र सरकारला आणि संसदेला त्यांनी नक्की दिला. मला यात चित्राची ताकदच दिसते, आणि धोकाही. नीट काढलेलं जाळं खरं वाटतं, मग आतले बाण खरे असोत वा नसोत.

त्या सुरुवातीच्या चित्रांत काम म्हणजे बाण आणि वर्तुळ म्हणजे टप्पा असे. सुटसुटीत वाटतं ना? पण जाळी बांधायला सेंट्रिंग आणि सळया दोन्ही हव्यात, आणि सेंट्रिंगवाल्याचं बिल चुकवायला फक्त सेंट्रिंग संपलेलं हवं, हे अशा चित्रात दाखवून बघा. जमत नाही. मग एक तुटक रेघेचा खोटा बाण काढावा लागतो. त्यात काहीच काम नसतं, वेळही शून्य, तो केवळ चित्र खरं ठरावं म्हणून. मोठ्या प्रकल्पात अशा खोट्या बाणांचा सुळसुळाट होई. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन फॉन्डाल यांनी हे चित्र उलटं केलं: काम चौकटीत ठेवा, आणि बाणाला फक्त ‘याच्यानंतर ते’ एवढंच म्हणू द्या. खोटे बाण नाहीसे झाले. त्यांच्या अहवालाच्या नावातच होतं की ही बांधकाम व्यवसायासाठी संगणकाविना वापरायची पद्धत आहे, साध्या ठेकेदाराला कागद-पेन्सिलने जमावी अशी. आणि आज जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये नांदते ती हीच चौकट-आणि-बाण पद्धत!

आता एक अडचण. पुढे चालत जाऊन हिशेब करायचा म्हटलं, पण कुणापाठोपाठ कुणाला घ्यायचं? यादीत कामं कशीही टाकलेली असतात. आर्थर कान याने १९६२ मध्ये छापलेलं उत्तर वाचून मी अक्षरशः हसलो, इतकं ते सरळ आहे. ज्या कामाकडे एकही बाण येत नाही असं काम शोधा. ते यादीत पहिलं लिहा आणि त्याच्यातून निघणारे सगळे बाण पुसून टाका. त्यामुळे आणखी काही कामं मोकळी होतील. त्यांतलं एक घ्या. पुन्हा तेच. सगळी कामं संपली की क्रम तयार. आणि मधेच असं झालं की कामं उरलीत पण मोकळं एकही नाही, तर? तर कुठेतरी बाणांचं वर्तुळ झालंय: अ ब साठी थांबलाय, ब क साठी आणि क परत अ साठी. असा प्रकल्प कधीच सुरू होऊ शकत नाही. सॉफ्टवेअर जेव्हा ‘हा दुवा जोडता येत नाही’ म्हणून अडून बसतं, तेव्हा त्याला असंच वर्तुळ सापडलेलं असतं. कानने लिहिलं होतं की आयबीएम ७०९० या यंत्रावर ३०,००० कामांचं पर्टचं जाळं तासाभराच्या आत क्रमाने लावता येतं. त्या काळी ते यंत्र एक अख्खी खोली अडवायचं. आज तुमच्या खिशातला फोन तेच काम तुम्ही हे वाक्य संपवायच्या आत करेल.

सोपं ते झालं. आता चित्र.

तीस-चाळीस चौकटी आणि साठ-सत्तर बाण संगणकाच्या हवाली करा आणि म्हणा, छान मांडून दाखव. छान म्हणजे काय? ऑस्ट्रेलियात हेलन पर्चेस यांनी याचे प्रयोग केले आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापला. वेगवेगळ्या तऱ्हांनी काढलेली जाळी लोकांपुढे ठेवली आणि त्यांवर प्रश्न विचारले. सममिती, वळणं, बाणांमधले कोन, अनेक गोष्टी तपासल्या. वाचणाऱ्याला सर्वांत जास्त कशाने अडवलं? एकमेकांना छेदणाऱ्या रेघांनी. म्हणजे ध्येय ठरलं: छेद कमीत कमी.

सुगियामा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये जपानमध्ये जी रीत सांगितली, ती आजही अशा चित्रांचा कणा आहे. आधी चौकटींचे थर पाडा, म्हणजे प्रत्येक बाण वरच्या थरातून खालच्या थरात जाईल. मग प्रत्येक थरात कोण कुणाशेजारी बसेल ते ठरवा. शेवटी नेमकी जागा आणि बाणांची वळणं. यातली मधली पायरी जीव घेते. समजा फक्त दोन थर आहेत. वरचा थर मी पक्का करून दिला, खिळ्यांनी ठोकला. खाली फक्त १० चौकटी. त्यांचा क्रम असा लावा की छेद सर्वांत कमी होतील. १० चौकटींचे क्रम किती? ३६,२८,८००. संगणकाला किरकोळ. पण २० चौकटी केल्या की ही संख्या १९ आकडी होते. प्रत्येक क्रम तपासणं हा मार्ग बंद. मग एखादी चलाख युक्ती? १९८३ मध्ये गॅरी आणि जॉन्सन यांनी सिद्ध केलं की छेद कमीत कमी करण्याचा प्रश्न गणितातल्या त्या कुप्रसिद्ध कुळातला आहे, ज्यातल्या एकाही प्रश्नावर झटपट आणि हमखास उत्तर देणारी रीत आजवर कुणालाच सापडलेली नाही. आणि पुढे हेही सिद्ध झालं की एक थर ठोकून पक्का केला तरी सुटका नाही. दोन ओळी, त्यातली एक गोठवलेली, आणि तरीही!

तीस हजार कामांच्या तारखा चुटकीसरशी, आणि चौकटींची एक मोठी ओळ लावताना गणित हात टेकतं. असं का व्हावं? तारखांच्या हिशेबात प्रत्येक काम फक्त आपल्या आधीच्यांकडे पाहतं. त्यांचा निकाल लागला की याचाही लागतो, आणि तो पुन्हा बदलत नाही. छेदांच्या बाबतीत प्रत्येक चौकट जागा बदलताना ओळीतल्या बाकी सगळ्यांचा निकाल बदलून टाकते.

मग पडद्यावर चित्र उमटतं कसं? एका मायाळू तडजोडीने. समोरासमोर दोन पंगती बसल्यात असं समजा. तुमची ओळखीची तीन माणसं समोरच्या पंगतीत दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या पाटावर आहेत. तुम्ही कुठे बसाल? साधारण पाचव्या पाटासमोर. खालच्या ओळीतल्या प्रत्येक चौकटीने आपल्या वरच्या ओळखीच्यांच्या जागांची सरासरी काढायची आणि त्या सरासरीच्या क्रमाने बसायचं. मग खालची ओळ पक्की धरून वरचीला तसंच बसवायचं. मग पुन्हा खालची. असं वर-खाली काही वेळा झालं की गुंता स्वतःहून सुटत जातो. सर्वोत्तम चित्र मिळेलच असं नाही, पण चांगलं मिळतं. सरासरीऐवजी मधल्या ओळखीच्याची जागा धरली तर एक सुंदर हमी मिळते, जी ईड्स आणि वर्मल्ड यांनी सिद्ध केली: समोरची ओळ पक्की असेल तर छेद शक्य तितक्या कमीत कमी संख्येच्या तिपटीपेक्षा जास्त होणारच नाहीत. सर्वोत्तम उत्तर माहीत नसताना त्याच्यापासून आपण किती दूर आहोत हे सांगता येणं, याचं मला कधीही वाचलं तरी नवल वाटतं. १९९३ मध्ये बेल लॅब्जच्या चौघांनी याच कुळातली युक्ती सुधारून डॉट या प्रोग्रॅमचं तंत्र मांडलं, आणि तो आजही कितीतरी जाळी काढत असतो.

गँट चार्टमध्ये मात्र ही युक्तीही लंगडी पडते. तिथे पट्टी आडवी कुठे असेल ते तारखेने ठरवलंय, आणि उभी कुठे असेल ते तुम्ही यादीत ठरवलंय. सॉफ्टवेअरला हलवायला काही उरतच नाही. म्हणून मोठ्या प्रकल्पाच्या पट्ट्यांवर सगळे बाण एकदम दाखवले की पडद्यावर काळंकुट्ट जाळं पसरतं. त्यात बाणांचे प्रकारही चार. ‘हे संपल्यावर ते सुरू’ हा नेहमीचा. ‘दोन्ही बरोबर सुरू’ हा दुसरा, ‘दोन्ही बरोबर संपणार’ हा तिसरा. आणि चौथा क्वचित दिसणारा: ‘हे सुरू झाल्याशिवाय ते संपणार नाही’, जसं दवाखान्यात पुढच्या पाळीची नर्स आल्याशिवाय आधीच्या पाळीच्या नर्सला जाता येत नाही. म्हणून शहाणी सॉफ्टवेअर सगळं एकदम दाखवतच नाहीत. एका कामावर बोट ठेवा, त्याच्या मागची आणि पुढची साखळी तेवढी उजळते, बाकीचं फिकट होतं.

याहून नाजूक प्रश्न उद्भवतो चित्र बदललं की. तुम्ही आठवडाभर ते जाळं पाहताय. इलेक्ट्रिशियन वर उजव्या कोपऱ्यात, सुतार खाली डावीकडे, हे डोळ्यांना पाठ झालंय. तुम्ही एक नवा बाण जोडता. सॉफ्टवेअर सगळा हिशेब पुन्हा करतं आणि त्याला पूर्वीपेक्षा दोन छेद कमी असलेलं नवं चित्र सापडतं, ज्यात सुतार वर गेलाय आणि इलेक्ट्रिशियन मधे कुठेतरी. गणिताच्या नजरेने हे चित्र जास्त चांगलं, पण तुम्ही हरवलात. १९९०च्या दशकात मिसुए, ईड्स, लाय आणि तेच सुगियामा यांनी बघणाऱ्याच्या मनात बसलेल्या या नकाशाचा अभ्यास केला: मांडणी बदलताना कोण कुणाच्या डावीकडे, कोण कुणाच्या वर, कोण कुणाच्या जवळ, यातलं काय काय जपायचं? तेव्हापासून चांगलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला दर बदलाला हा सौदा करावा लागतो. पुष्कळदा तो पडद्यावर दोन-चार जादा छेद मुद्दाम तसेच राहू देतो, म्हणजे तुम्हाला सुतार कालच्याच जागी सापडतो.